राईच्या डोळ्याखालचा डाग

येरमाळा
फाल्गुन वद्य ५, फसली १३५४
(तुमच्या बार्शीत इंग्रजांचं १९४५ साल चालू असेल.)

तीर्थरूप विरुपाक्ष अण्णा यांस,

तीर्थरूप हा शब्द मनातून आलेला नाही. आप्पांनी मला लिहायला शिकवलं तेव्हा थोरल्या भावाच्या नावाआधी तो लावायचाच असं बजावलं होतं, त्यामुळे हात त्या वळणावर पडला. पुढचा नमस्कार मात्र मी गाळते आहे.

चार वर्षांत तुम्हाला एक अक्षर लिहिलं नाही, आताही लिहिलं नसतं. पण काम जनावराचं आहे, माझं नाही. राईला बारावं लागलं. तिला अजून एकदाही शिंगरू झालेलं नाही, कारण तिच्या मापाचा घोडा एकच उरलाय आणि तो तुमच्या दुकानामागं बांधलेला आहे. राई माझ्या लग्नात आंदण म्हणून आली. आप्पा गेल्यावर जवसाला तुम्ही बार्शीला घेऊन गेलात. नर तिकडं, मादी इकडं, आणि मधे जकात मागणारा निजामाचा करोडगिरी नाका.

आप्पांनी जन्मभर काय केलं ते तुम्हाला सांगायला नको, पण तुम्ही विसरला असाल तर सांगते. कळंबच्या बाजारात धान्याची पोती वाहणारी अकरा मुठी उंचीची तट्टं सगळ्यांकडंच होती. आप्पा दरवर्षी त्यातली सगळ्यात ठेंगणी, पण पायानं सरळ आणि स्वभावानं गरीब तेवढीच ठेवायचे, बाकीची विकायचे. लोक हसायचे, "ईरण्णा, घोडी पाळायलाव का कुत्री?" आप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. चाळीस वर्षांनी नऊ मुठींची राई जन्मली. अजूनही उभी राहिली की माझ्या कमरेला लागते. जात्याची घरघर ऐकली की स्वयंपाकघरात येते आणि जात्याच्या पाळीवर हनुवटी टेकून उभी राहते. मोहरी, राजगिरा, जवस, राई, अशी बारीक दाण्यांची नावं आप्पाच ठेवायचे. त्यातली आता दोनच उरली. तुमच्या-माझ्या भांडणात तीही संपली तर आप्पांची चाळीस वर्षं मातीत गेली.

आता दुसरं. ते लिहिल्याशिवाय हात पुढं सरकणार नाही.

लग्नात राई माझ्या हाती दिलीत तेव्हा तिच्या डाव्या डोळ्याखाली रुपयाएवढा भाजल्याचा डाग होता. मी विचारलं, तर म्हणालात, "चुलीजवळ गेल्ती. भाजलं." मी अठरा वर्षांची होते, विश्वास ठेवला. घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे पाहण्यात तुमचा हात धरणारा सगळ्या तालुक्यात नव्हता. डोळ्याखाली भोवरा असलेली घोडी म्हणजे आसूढाळ, ती धन्याच्या घरात रडं आणते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि असा भोवरा असला की लबाड दलाल तो जाळून टाकतात, तेही माहीत आहे. माझा शिवू तीन वर्षांचा होऊन तापानं गेला, तेव्हा सासूबाईंनी तो डाग पहिल्यांदा नीट पाहिला. त्या दिवसापासून या घरात मी आसूढाळीची मालकीण आहे. बारशाला मला बोलावणं नाही. पाडव्याला गुढीला माझा हात लागू देत नाहीत.

तेव्हा मी बार्शीला आले होते. भर पेठेत, तुमच्या दुकानासमोर उभी राहून म्हणाले होते की माझं लेकरू तुम्ही खाल्लंत. तुम्ही तराजू खाली ठेवलात आणि म्हणालात, "झालं बोलून? मग नाक्याकडं गाडी चाललीय, जा." दुसरा एक शब्द नाही. तो दिवस मी विसरलेली नाही आणि विसरणार नाही.

जवसाला महिन्याभरासाठी पाठवा. तुम्ही येऊ नका.

नीलम्मा


येरमाळा
वैशाख शुद्ध १२, फसली १३५४

विरुपाक्ष अण्णा यांस,

तुमचा गडी बिरदेव याच्याबरोबर जवस आला तो परत पाठवते आहे. काम झालं असं वाटतं. राईनं पहिले तीन दिवस त्याला लाथा घातल्या, चौथ्या दिवशी त्याच्या मानेवर मान टाकून उभी राहिली. जनावरं माणसांपेक्षा लवकर शहाणी होतात.

पण अण्णा, काय करून ठेवलंय तुम्ही त्याचं! मानेवर चरबीची वळी आलीय. खूर पुढं वाढून जोड्याच्या टोकासारखे वाकलेत. बिरदेवाला विचारलं, तर तो म्हणतो, "मालक सोताच्या हातानं गूळ चारत्यात की. दुकान बंद झालं की त्याच्यापशीच बसत्यात." एवढ्याशा घोड्याला मूठभर दाणासुद्धा जड होतो, हे आप्पांच्या थोरल्या मुलाला मी सांगायचं का? राजगिऱ्याचं काय झालं विसरलात? जहागीरदाराच्या गढीवर हौसेखातर नेला. पोरांनी बर्फी चारली, पाहुण्यांना गंमत दाखवायला जिन्याच्या पायऱ्या चढायला लावल्या. चार महिन्यांत पाय धरले. जमिनीवर खूर टेकवेना. शेवटी कुणीतरी गढीमागच्या ओढ्यात नेऊन टाकला. त्याआधी मोहरीचंही तसंच झालं. आप्पा दोन दिवस जेवले नव्हते. मी जवसाचे खूर कापून दिलेत. गूळ बंद करा. वाळलेलं गवत घाला आणि रोज ओढ्यापर्यंत चालवा.

बिरदेवानं तुमचा निरोप सांगितला. "मादी झाली तर मालकांची, नर झाला तर अक्कांचा, असं बोललेत." वा! अकरा महिने पोटात वागवणार माझी घोडी, आणि मादी तुमची? घोडा पाठवलात तो उपकार म्हणून, का सौदा म्हणून, ते आधी ठरवा.

तुम्ही येऊ नका. निरोपही पाठवू नका.

नीलम्मा


येरमाळा
भाद्रपद शुद्ध ९, फसली १३५४

विरुपाक्ष अण्णा यांस,

तुम्ही विचारलंत म्हणून कळवते. घोडी ठरली नाही. जवसाची फेरी फुकट गेली. तेव्हा मादी कुणाची आणि नर कुणाचा हा वाद तुम्ही आता सोडून द्या. राई बरी आहे. हल्ली तिला भिजवलेले हरभरे थोडे जास्त घालते, पावसाळ्याचे दिवस आहेत म्हणून.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल शेजारी पाचवीला पाच बायका बोलावल्या. मी ओसरीवरून दिसले तशी बाळंतिणीच्या आईनं दार लोटून घेतलं. लोटताना माझ्याकडं पाहून हसली, तेवढंच वाईट. घरात आले तर सासूबाई म्हणतात, "तुज्या भावानं तुला आंदण न्हाय, मरण दिलंय." आमचे हे मान खाली घालून ताटातलं चिवडत बसले. ते वाईट नाहीत, पण आईपुढं त्यांची जीभ उचलत नाही.

मी ठरवलंय. येत्या चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या जत्रेत राईला घेऊन जाणार. गोरोबा दलाल येतोच. म्हातारा झालाय, पण भोवरे पाहण्यात त्याचा शब्द अजून चालतो. चार माणसांत त्याला तो डाग पाहायला लावणार. भोवरा जाळला आहे असं तो म्हणाला, की मी सगळ्यांना सांगणार, माझ्या सख्ख्या भावानं जाणूनबुजून आसूढाळ घोडी माझ्या पदरात घातली. मग तरी लोक दोष देताना माझ्याकडं बोट दाखवणार नाहीत, बार्शीकडं दाखवतील. तुमचं पितळ उघडं पडल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

आधी सांगते आहे. मागाहून म्हणू नका की पाठीमागून वार केला.

नीलम्मा


येरमाळा
चैत्र वद्य २, फसली १३५५

विरुपाक्ष अण्णा यांस,

"राईला जत्रेत नेऊ नको," हा तुमचा निरोप गाडीवानानं पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दिला. म्हणूनच नेलं.

काल पालखी आमराईत होती. लोक रिवाजाप्रमाणं देवीसाठी चुनखडी वेचून परतत होते, अशी गर्दी की पाय ठेवायला जागा नाही. मी राईला न्हाऊ घातलं होतं, गळ्यात आप्पांच्या वेळची घुंगरमाळ बांधली होती. पोरं मागं लागली, "बकरी हाय का घोडी, मावशे?" गोरोबा लिंबाखाली बसला होता. मी त्याच्यापुढं जाऊन मोठ्यानं म्हणाले, "बाबा, हा डाग बघा आणि खरं सांगा. इथं आसूढाळ होता का नाही?"

माणसं गोळा झाली. सासूबाई पदर तोंडावर धरून मागं उभ्या. गोरोबानं राईची मान मांडीवर घेतली, डागावर थुंकी लावली, अंगठ्यानं कडेचे केस चारी बाजूंनी उलटे-सुलटे फिरवले. मग घोडी उजेडाकडं वळवली आणि पुन्हा फिरवले. शेवटी तो म्हणाला, "पोरी, भवरा जाळला तरी कडंची केसं फिरलेलीच ऱ्हात्यात. इथं चारी अंगानं सरळ खाली आल्यात. हितं कंदीच भवरा नव्हता. साफ घोडी हाय. गळ्याखाली बघ, देवमण हाय, शुभ भवरा. लक्षुमी हाय ही."

अण्णा, काय सांगू! सासूबाई पुढं आल्या. त्यांनी तिथंच राईच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि उरलेलं माझ्या कपाळाला लावलं. पाच वर्षांत त्यांचा हात माझ्या कपाळाला लागला नव्हता. मी रडले, सगळ्यांदेखत रडले. घरी येईपर्यंत निम्म्या गावाला बातमी होती. आज सकाळी दार लोटणारी शेजारीण वाटीभर साखर घेऊन आली.

म्हणजे राई साफ, मीही साफ. आणि तुम्ही? भोवरा नव्हताच तर डाग कशाला दिलात? चुलीचं खोटं, हे तर आता उघडच आहे. मी रात्रभर विचार केला. तुम्हाला आप्पांची सगळ्यात चांगली घोडी बहिणीला द्यायला जिवावर आलं, म्हणून तिची किंमत उतरवून दिलीत. दुसरं काय असणार? सोन्यासारख्या जनावराचं तोंड नुसत्या मत्सरापोटी जाळलंत. आणि पेठेत मी एवढं बोलले, तेव्हा "भोवरा नव्हता" हे दोन शब्द तुमच्या तोंडून निघाले नाहीत. माझ्यावर पाच वर्षं ते ओझं राहू दिलंत.

आता साऱ्या मुलखाला कळलंय. तुमची भोवरे पाहण्याची कीर्ती आता बार्शीतच मिरवा.

नीलम्मा


येरमाळा
चैत्र वद्य ७, फसली १३५५

विरुपाक्ष अण्णा यांस,

तुमची चिठ्ठी मिळाली. दोन ओळी. "राईला आजच्या आज बार्शीला पाठव. कारण लिहिण्यासारखं नाही."

का लिहिण्यासारखं नाही? चिठ्ठी गाडीवानाच्या हातून येते, नाक्यावर शिपाई उलगडून वाचतो, हे मलाही कळतं. पण चोरून करण्यासारखं काही नसेल तर शिपायाला कशाला भ्यायचं? मला कळलंय तुमचं कारण. घोडी साफ निघाली, देवमण निघाला, आता ती परत हवीशी झाली. आधी डाग देऊन टाकायची आणि आता दोन ओळींत परत मागायची!

राई कुठंही जाणार नाही. ती माझ्या दारात राहील. कालच सासूबाईंनी आपल्या हातानं तिला भाकरीचा तुकडा दिला.

तुम्ही येऊ नका. आलात तर दार उघडणार नाही.

नीलम्मा


येरमाळा
चैत्र वद्य ११, फसली १३५५

अण्णा,

राईला नेलं.

सकाळी गढीवरचा कारभारी हिंमतराव आला, बरोबर दोन शिपाई. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी दळत होते आणि राई जात्यापाशी उभी होती. त्यानं दारातूनच तिला पाहिलं आणि हसला.

"व्हय की, हीच ती," म्हणाला. "धा वर्सं झाली असतील. सायबांनी पसंत केल्ती पोरांसाठी. नजराना म्हनून द्या असा हुकूम गेल्ता तुमच्या बापाला. दुसऱ्या दिशी म्या न्यायला गेलो तर तुमच्या भावानं हा डाग दावला. म्हनला, आसूढाळ हाय, जाळलाय, पन जित्याची खोड जाईल व्हय? न्या तुमच्या जबाबदारीवर. सायबांनी नावसुदिक काडलं न्हाय परत. आता गोरोबा जत्रंत काय बोलला ते गढीवर पोचलं बगा. लई हुशार भाऊ तुमचा. सायबालाच टोपी घातली."

माझ्या हातातला खुंटा तिथंच राहिला. अण्णा, मला त्या घटकेला सगळं कळलं. आमचे हे मधे पडले, म्हणाले, "आंदणाची घोडी हाय, रावसाहेब." शिपायानं त्यांना खांद्यानं बाजूला सारलं. राई जाईना. चारी पाय रोवून उभी राहिली. मग त्यांनी तिला दोघांनी मिळून उचललं, वासरासारखं. घुंगरमाळ वाजत होती. रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होती.

आता जे लपवलं ते लिहिते, कारण लपवायला वेळ राहिला नाही. घोडी ठरली नाही हे खोटं होतं. ठरली होती. तुम्ही मादी मागाल म्हणून खोटं लिहिलं. फाल्गुनात व्याली. मादीच झाली. काळीभोर, माझ्या मांडीएवढी. नाव कारळी ठेवलंय. सासूबाईंनी तिचं तोंड अजून पाहिलेलं नाही. आधी आसूढाळीचं पिल्लू म्हणून, आणि आता सव्वा महिना पुरा व्हायचाय म्हणून. आतल्या खोलीत कणगीमागं ठेवते. बाहेरच्या कुणाची नजर तिच्यावर पडलेली नाही.

पण हिंमतरावाचे डोळे घारीचे. जाताना राईच्या कासेकडं पाहून म्हणाला, "दुभती हाय घोडी. शिंगरू कुठंय?"

"मेलं," मी म्हणाले.

"असं? सायबांच्या नातवाला जोडी पायजे. सोमवारी पुन्यांदा यीन. तवर जितं झालं असंल तर बगू."

सोमवारला सहा दिवस आहेत. तिला तुमच्याकडं पाठवायचा विचार केला, पण नाक्यावर हिंमतरावाचा माणूस आजपासून बसलाय. आमचे हे स्वतः जाऊन पाहून आले. कारळी शेळीचं दूध बोटावरून चाटते आहे आणि दाराकडं तोंड करून ओरडते आहे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी दिवसभर दळत बसले. घरात तीन महिन्यांचं पीठ झालंय. त्यातलंच एक गाठोडं तुम्हाला पाठवते, हे पत्र त्याच्या तळाशी आहे; शिपाई पिठात हात घालत नाही.

तुम्ही सांगितलं असतंत तर! एक शब्द, कानात. पण मी तो शब्द गावभर केला असता, हे तुम्हाला ठाऊक होतं. मी तशीच आहे, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच जास्त राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

तुम्हाला एकच विचारायचं होतं, लोखंड किती तापवायचं आणि किती वेळ धरायचं. पण तुमचं उत्तर येईपर्यंत सोमवार येईल. माझं मीच बघते.

नीलम्मा


येरमाळा
वैशाख शुद्ध ६, फसली १३५५

अण्णा,

केलं.

शनिवारी आमच्या ह्यांना गावातल्या दुकानावर पाठवलं. त्यांना पाहवलं नसतं. सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. उलथन्याची दांडी चुलीत लाल केली. धरायला कुणाला बोलावणार? बोलावलं की चार तोंडं झाली. कारळीला जमिनीवर निजवलं, मान गुडघ्याखाली घेतली, एका हातानं डोळा झाकला आणि दुसऱ्या हातानं दांडी टेकवली. केसांचा वास आला. ती ओरडली नाही, अण्णा. नुसती थरथरली आणि मग माझा हात चाटू लागली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. वर तूप आणि हळद लावली.

सोमवारी हिंमतराव आला. या वेळी गोरोबालाही धरून आणलं होतं. मीच कारळीला बाहेर काढलं. "मेलं म्हनालता न्हवं?" त्यानं विचारलं. मी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाले, "आई साफ निघाली आणि पोटी आसूढाळ आली. चार माणसांत काय तोंड दाखवू? मेलंच म्हणायचं. जाळून बघितलं, पन नशीब जळतं व्हय?" हे तुमचंच वाक्य थोडं फिरवून म्हटलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

हिंमतराव गोरोबाला म्हणाला, "बग रं. ह्यावेळी नीट बग." म्हातारा खाली बसला. अंगठ्यानं कडेचे केस फिरवले, अगदी जत्रेत फिरवले तसेच. त्याला सरळ केस दिसले असणार. आंधळ्यालाही दिसले असते. त्यानं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. म्हणाला, "फिरल्यात केसं. भवरा हुता. पक्की आसूढाळ हाय. गढीवर नेऊ नगा, रावसाहेब, लेकराबाळांचं घर हाय."

हिंमतराव बाजूला थुंकला आणि चपला घालू लागला. निघता निघता, बाजारभाव सांगावा तसं म्हणाला, "ती थोरली बी गेली म्हना परवा. पोट फुगलं. पोरांनी लाडू चारले." गोरोबा तेवढा मागं राहिला. जाताना काठी टेकत म्हणाला, "माज्या तोंडानं एक गेली. आता बास." आणि गेला.

राई मी मारली. गोरोबाच्या तोंडानं असेल, पण त्याच्यापुढं तिला मी नेली. तुमची नाचक्की करायला नेली. हे मी लिहून ठेवते आहे, म्हणजे उद्या मलाच खोटं बोलता येणार नाही.

सासूबाईंनी पुन्हा पदर ओढून घेतलाय. काल म्हणाल्या, "पुन्यांदा आसूढाळच निघाली का गं? तुज्या पायगुणानंच आली." वाटीभर साखर आणणाऱ्या शेजारणीनं परवा मुलाचं जावळ काढलं, मला सांगितलं नाही. पंधरवडाभर मी साफ होते. खरं सांगायला एक वाक्य पुरेल, आणि ते वाक्य जिभेवर येऊन बसतं, रोज बसतं. मी ते गिळते. तुम्ही नऊ वर्षं कसं गिळलंत? तुम्ही माझं लेकरू खाल्लंत असं मी पेठेत म्हणाले, तेव्हा कसं गिळलंत?

शिवू तापानं गेला, अण्णा. एवढंच होतं ते. घोडीनं नेला नाही आणि तुम्हीही नाही. पण एवढं लेकरू नुसत्या तापानं गेलं, असं म्हणत कसं जगायचं? कुणाचं तरी नाव लागत होतं मला. तुमचं जवळ होतं.

मी माफ केलंय असं समजू नका, आणि माफी मागते आहे असंही समजू नका. घोडी माझी, तोंड तिचं आणि माझं जळलं, ठरवणारे तुम्ही एकटे. याचा राग आहे तो आहे. कारळीला तीन वर्षं पुरी झाली की जवस लागेल. तोवर त्याचा गूळ बंद ठेवा आणि खूर दर दोन महिन्यांनी कापा, नाहीतर तेवढा टिकायचा नाही. हे पत्रही पिठातूनच पाठवते आहे. मागच्या पत्रांत शेवटी मी काय लिहीत होते ते तुम्हाला पाठ असेल. या पत्रात ते लिहीत नाही.

एक राहिलं. मी एकटी होते, मान गुडघ्याखाली, एक हात डोळ्यावर, त्यामुळं दांडी टेकवताना घसरली. डाग गोल आला नाही. खालच्या अंगाला जरा वाकडा ओघळलाय. नऊ वर्षं रोज राईचं तोंड पुसत होते, तिचा डागही खालच्या अंगाला असाच वाकडा ओघळलेला होता. तो तसा का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

तुमची नीलम्मा